निशाणी

कंधारच्या तहसिलीत, जिन्याखालच्या खोलीत
मी रुमाल सोडतो.
आत फसली सन बाराशे एक्क्याण्णव,
उर्दूची ओळ आणि तिच्या बाजूला मोडी.
वाळवीनं मधूनच रस्ता काढलाय,
मंजुरी न घेता.

गौसोद्दीन मास्तर वाचतात, मी पानं धरतो.

मोजणीच्या आधी, मास्तर म्हणतात,
बोरगव्हाणची शीव म्हणजे
चिंचेची सावली पडेल तिथवर.
सकाळी यांची, सांजच्याला त्यांची.
डोकी फुटायची,
मग दोन्ही गावं एका पंगतीला बसायची.

बरं होतं मग तेव्हा, मी म्हणतो.
मास्तर चष्मा पुसतात, पुसतच राहतात.
त्या पंगतीत तुझी माणसं कुठं बसली असती, लिंबाजी?

मग हैदराबादेहून साखळी आली.
तेहतीस फूट, तिचे सोळा आणे,
जमिनीला पहिल्यांदाच कळलं
आपली लांबी पैशात असते.
सावलीला नंबर देता येईना,
म्हणून चिंच तोडली, दगड पुरला.
दगड कुणाचंच ऐकत नव्हता,
पाटलाचंसुद्धा.
एवढं मात्र गावाला नवीन होतं.

सर्व्हे नंबर एक. दोन. सदतीस.
खातेदार, आकार, जिरायत, पोटखराबा.
पोटखराबा म्हणजे
नांगर चालत नाही ती जागा:
ओढा, वाट, मसणवटा,
आणि आमची वस्ती.

आमच्या घरात गोष्ट एवढीच उरलेली,
खापरपणजा पुढं चालायचा,
सरकार त्याच्या मागून.
आज्या हसून सांगायचा. बाप न हसता.

शेवटच्या पानावर खर्च.
तेल, शाई, बैलभाडं.
साखळी ओढणारा, इसम एक,
रोज दोन आणे हाली.
नाव नाही.
कुणबी निशाणी करताना नांगर काढायचे.
यानं काय काढावं?
कागदाच्या कडेला बोरूनं
बारीक बारीक कड्या.

मी बोटानं मोजतो. सात.
आठवी अर्धीच.
शाई संपली असेल,
किंवा कारकुनानं कागद ओढला असेल.

हा तोच कशावरून, मास्तर विचारत नाहीत.
मीही सांगत नाही.

बाहेर मैदानात पोरं जमलीत,
मोजणीचं ड्रोन उडतंय म्हणे,
मन्याडच्या पल्याडपर्यंत एका दुपारीत.
त्याच्यापुढं कुणी चालत नाही.

वर साहेबांनी बेल दाबली.
मी रुमालाला गाठ मारतो,
थोडी सैल.
आलो, म्हणतो.