बारा खटके

बाबा घरी आले की आधी उजेड यायचा.
फाटकाशी ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली,
आणि भिंतीवरची उजेडाची दोन वर्तुळं
पाण्याच्या टाकीवरून घसरत
थेट पायपुसण्यापर्यंत.
आई आतून म्हणायची, आले. पानं घ्या.
हॉर्न होता त्या गाडीला, वाजत नसे.

एमजी मिजेट, एकोणीसशे सदुसष्ट,
बंद पडलेल्या जिनिंगच्या लिलावात घेतलेली.
दोन माणसं आणि एक डबा, एवढीच जागा.
जालन्यात जुनी गाडी येते ती बहुधा वितळायला,
भट्टीत जाऊन सळई व्हायला.
ही कशी कोण जाणे वाचली.

अंबड चौफुलीवर गयास मिस्त्रीनं तिला घोडीवर चढवलं,
पुढचं डावं चाक काढलं,
शॉकची दांडी वरखाली करून कान लावला.
आत नुसती हवा, जुनाट खोकल्यासारखी.
"ताई, ह्याच्या अंगावर दोन कामं.
वरचा हात बी हाच अन् धक्का गिळणारा बी हाच.
एकल्यावर दोन कामं टाकली तर गळल नाही तं काय?"
मी वॉशर मोजत होते. सात.
परत मोजले. सात.

नवे शॉक परदेशातून आले,
कस्टमनं खोका फोडून उलटा चिकटवलेला.
निळे बुश, औषधाच्या गोळीसारखे.
वरचा हात आता वेगळा, शॉक वेगळा,
ज्याचं काम त्याला.
फक्त ब्रॅकेट बसेना, तीन मिलिमीटर.
विश्वंभर टर्नरनं आधी अंगठ्यानं मोजलं,
मग आमच्या समाधानासाठी व्हर्नियरनं.

दाबलेली स्प्रिंग लांब बोल्टांवर थरथरत होती.
"तोंड बाजूला घ्या, ही रागावली तर पत्रा फाडून जाती."
एक आटा इकडचा, एक तिकडचा,
दुपारभर तिची समजूत काढणं चाललं.

मंठा रोड.
खाली काळी माती, पावसात फुगणारी, उन्हात आकसणारी,
वर डांबर, तिच्या मर्जीनं लाटा झालेलं.
पूर्वी एका उंचवट्याचा हिशेब
विजेच्या तीन खांबांपर्यंत पुरायचा.
आता एकदा वर, एकदा खाली,
मिटलं.
ऐंशीवर स्टिअरिंग सोडून ओढणी सारखी केली मी.
गयास मिस्त्री शेजारी डोळे मिटून बसलेला,
त्याला गाडी ढुंगणानं वाचता येते.

रात्री फाटकाशी ब्रेक लावला.
उजेड टाकीच्या कडेवरच उभा,
खाली बघायला तयार नाही.
चाव्या टेबलावर वाजल्या तेव्हा आई दचकली,
"अगं, तू कधी आलीस?"

"नाक वाकत नाही आता," मी सांगितलं.
मिस्त्री हसला. "ते तर दुखणं होतं, ताई.
त्याच्याच इलाजाचे पैसे दिलेत तुम्ही."
"थोडं हवंय."
"कामून?"
काय सांगणार?
मी चाकाआडची ती गोल कळ दाखवली.

बारा खटके आहेत तिला.
त्यानं मुकाट्यानं उलटे मोजले,
नऊ, सहा, चार,
आणि चाकाच्या कमानीत आतून खडूनं ४ लिहिला,
कुणाला दिसणार नाही असा.

जुनी जोडी भंगारवाल्यानं मागितली होती.
दिली नाही.
खिडकीत वर्तमानपत्रावर ठेवलीय,
रिकामी म्हणावी तर परवा खाली
तेलाचा एक थेंब होता.

काल उजेड उतरला.
पूर्वीसारखा कोसळत नाही,
वय झालेल्या माणसासारखा जिना धरून येतो,
आणि पायपुसण्याच्या वीतभर वर थांबतो.
तिथं मी इंजिन चालूच ठेवून बसले.

आत आईनं
टीव्हीचा आवाज बारीक केला.