समोरची कड

बेलापूरला, सेक्टर पंधरात, रविवारी
झेरॉक्सवाल्याच्या पायरीशी माझं टेबल:
भिंग, चिमटा, फडक्यावर नाणी.

तन्वेशनं दोन रुपये ठेवले.
कडेचा घास गेलेला, चंद्रकोरीएवढा.
"टांकसाळीची चूक, मोकलकाका.
पंधरा हजार तरी?"

खाच मी पाहिलीच नाही.
खाचेच्या बरोब्बर समोर भिंग नेलं.

पत्र्यातून चकती निघतानाच
तुकडा गेला असेल ना,
तर समोर दाब भरत नाही,
तिथली कड बुजरी राहते, बसकी.
जन्माचं उणं दोन्हीकडे दिसतं.
तुझी ही कड बघ. ताठ, भरलेली.
पलीकडे काय झालं
हिला पत्ताच नाही.

तो आधी टेबलाकडे बघत राहिला.
मग, "रबाळ्याला. आमच्याच शॉपात.
जेवणाच्या सुट्टीत, पंचवर."

रागावणार काय.
प्रेसवर एकवीस वर्षं काढली मी,
तर्जनीची दोन पेरं तिथंच राहिली,
सेकंड शिफ्टला.
अंगठा अजूनही
नाणं उचलायला पुढं होतो
आणि थांबतो हवेत.

मधल्या बोटानं नाणं त्याच्याकडे सरकवलं.
"चालेल रे अजून, दोन रुपयाला.
बसचा कंडक्टर
समोरची कड बघत नाही."