फुगवटा

भुसावळला मंगला एक्स्प्रेसमध्ये चढलो
तेव्हा पिशवीत बामणोदची चार किलो वांगी, कळण्याचं पीठ,
आणि प्रमिलाच्या मांडीवर लोणच्याची बरणी,
रत्नागिरीचे सगळे बोगदे धरून दोन दिवस.
अलेयम्मा सिस्टरनं फोनवर बजावलं होतं :
'साडी नको, शाल नको. भरताची वांगी आण.
इकडची पाणचट आहेत रे भो.'

तीस वर्षं रेल्वेच्या दवाखान्यात.
पंधरा बंगल्याची निम्मी पोरं तिच्याच हातावर पहिल्यांदा रडली,
आमचा योगराजही.
रिटायर झाली, क्वार्टरला कुलूप लावलं, गेली.
आता कोट्टयमच्या पुढं पाण्याच्या काठाला घर,
मागच्या दाराशी होडी,
जशी आमच्या ओट्याशी फटफटी.

तिनं आम्हाला फिरवलं.
वागमोनच्या टेकड्यांवर धुकं असं
की प्रमिलानं डोक्यावरून पदर घेतला,
कोणी वडीलधारं समोरून आल्यासारखा.
रबराच्या झाडांना करवंट्या बांधलेल्या, थेंब थेंब दूध.
'सलाइन,' सिस्टर म्हणाली, 'पण उलटं.'

मी काय, केळीच बघणार.
सावद्याच्या काट्यावर हयात गेली,
घड हातात घेतला की किलो सांगतो.
तिकडचं केळ लांब, धारेचं, उकडून खातात.
एक घड उचलला. अंदाज चुकला,
तीन किलोंनी.
सगळे हसले. मी पण, जरा उशिरा.

मग होडी.
इकडं नारळ, तिकडं नारळ, मधे हिरवं पाणी,
आणि बदकांचा कळप हाकणारा एक माणूस,
आपल्याकडं ठेलारी मेंढ्या हाकतात तसा.
सिस्टर मात्र या सगळ्याकडं पाठ करून बसलेली.
विचारत होती, पोर्टर चाळीतली मंदाबाई काय करू राह्यली?
दीपनगरचा धूर दिसतो का अजून गच्चीवरून?
मे महिन्यात शेहेचाळीस जातं?
जातं म्हटल्यावर डोळे मिटून घेतले तिनं,
बाळंतीण शेक घेते तसे.

कुट्टप्पन वल्हं मारता मारता बोटानं दाखवत होता :
बांधापलीकडं भात. पाण्याहून खाली.
'यांचं शेत पाण्याखाली पिकतं,' सिस्टरनं सांगितलं.
मी म्हणालो, 'आमचंही आहे की. पाण्याखाली.'
तिनं ते मल्याळममध्ये त्याला सांगितलं.
त्यानं वल्हं थांबवलं. आपल्यातलाच निघाला म्हणून खूश.
काहीतरी बोलला.
'तो विचारतो, काय पिकतं?'

हतनूरचा फुगवटा.
धरणाचं पाणी मागं मागं सरकत तापीतून वर आलं
आणि आजोळची साडेतीन एकर, विहीर, विहिरीवरचा उंबर,
आईनं टाच घासलेला तो एक दगड
पोटात घेऊन बसलं.
फुगवटा. जशी भाकर फुगते. जसं तोंड फुगतं.
तिथं कोणी होडीचं तिकीट काढून येत नाही.

काय पिकतं.
प्रमिला पाण्यात हात सोडून बसली होती.
'सांगा ना,' म्हणाली.
'मासे,' मी म्हणालो. 'आणि हिवाळ्यात पाखरं. लांबलांबून.'
कुट्टप्पन बराच वेळ मान हलवत राहिला.
चांगलं पीक आहे, म्हणाला.

रात्री वांगी नारळाच्या झावळ्यांवर भाजली,
पराट्या कुठून आणणार.
धुराचा वास निराळा.
तरी सिस्टरनं बोटं चाटून खाल्लं
आणि मग अंगणात एकटीच उभी राहिली,
हात न धुता.

आता वैशाख. तिचा फोन :
'पाणी उतरलं का? विहीर दिसली?'
फटफटी काढली, चांगदेवच्या पुढं गेलो.
गाळ भेगाळलेला, शिंपल्यांचा कचकच आवाज,
आणि विहिरीचा काठ वर आलेला, वीतभर.
त्यावर गुलाबी शेपटाचा एक करकोचा,
एका पायावर, मालकासारखा.
फोटो काढून पाठवला.

विहिरीबद्दल तिनं काहीच लिहिलं नाही.
लिहिलं, 'काय ऊन आहे रे.'
आणि थोड्या वेळानं परत,
'अजून एक पाठव.'