हवा थोडी कमी

फोंड्याच्या दुकानातली पहिली सायकल मी नजरेनंच सोडली.
तिची सीट माझ्या बरगडीला लागत होती.
"बसून तर बघ, बाय," बोस्त्यांव म्हणाला.
बसले. दोन्ही पाय लोंबकळत,
जत्रेतला पाळणा वर जाऊन अडकावा तसे.

मग त्यानं ठेंगण्यांसाठीची म्हणून एक आणली:
जांभळी, दांड्यावर फुलं, मागे दप्तराची जाळी.
म्हटलं, मी बावन्न वर्षांची आहे,
आणि मला केरीच्या वरच्या डोंगरात जायचंय,
जिथं वाट म्हणजे सुटा चिरा आणि त्यावर वाळका पाला,
मार्चात काजू गळायला लागला की रोज,
माकडं आणि शेजारी उठायच्या आधी.

बोस्त्यांवनं मला पहिल्यांदा नीट पाहिलं.
टेप काढली. टाच भिंतीला, पुस्तक मांड्यांमध्ये.
उंची चार फूट नऊ.
वजन चव्वेचाळीस, साडी भिजली तर पंचेचाळीस.
बँकेची खिडकी माझ्या कपाळाशी सुरू होते.
स्कूटरवरून मी वळणावर कधी पडले नाही,
पडले ती नेहमी थांबताना.

तिसरी बघून वाटलं, दोन सायकलींचे तुकडे जोडलेत.
पुढचं चाक मोठं, मागचं लहान.
"उतारावर मागे सरकलीस ना,
तरी टायर तुला घासायचा नाही," तो म्हणाला.
मधली नळी खाली वाकलेली.
ओलांडून उभी राहिले: दोन बोटं जागा हवी, म्हणाला,
मी तीन घातली.
ब्रेकचे दांडे त्यानं स्क्रू पिळून आत घेतले,
तेव्हा कुठं माझं बोट पोचलं.

पण उड्या मारल्या तरी शॉक ढिम्म.
पुढचा नाही, मागचा नाही.
"कंपनी ऐंशी किलोचा बाप्या धरून हवा भरते," बोस्त्यांव म्हणाला,
आणि काट्याचा छोटा पंप घेऊन उकिडवा बसला.
फुस्स.
बस आता. ऊठ. फुस्स.
नळीवरचं रबरी कडं बोटभर खाली सरकलं.
परत बसले, आणि ती माझ्याखाली जराशी टेकली,
दूध काढताना गाय अंग सैल सोडते तशी.

लग्नात सगळ्या बायका मला म्हणत होत्या, जरा अंग धर गो.
सासूनं मेथीचे लाडू केले, डॉक्टरनं बाटली दिली.
माझ्यासाठी कुणी हवा सोडली नव्हती.

दुकानामागच्या कपेलाच्या चढावर नेली.
मोटरनं असा दम मारला की पुढचं चाक उठलं,
हलकं माणूस, त्याला दाबून धरेल काय?
हनुवटी हँडलशी नेली, जोर दोनवर आणला,
मग चढली, मुकाट.
मोठी बॅटरी घेऊ नकोस, म्हणाला, तुला लहान पुरे,
दीड किलो वाचेल.
माझं वजन कुणीतरी जमेला धरलं.

"आता ही आडवी पाड," मी म्हटलं.
त्याला थट्टा वाटली. नवा रंग, बाय!
मी म्हटलं, व्हाळाच्या पलीकडे तू नसशील.
त्यानं गोणपाट अंथरलं आणि देवाचं नाव घेतलं.

बावीस किलो. बरोबर माझ्या निम्मी.
पहिल्या खेपेला हँडल गिरकी घेऊन फिरलं,
पेडल नडगीवर बसलं.
दुसऱ्या खेपेला बोंडूंची पाटी उचलतात तशी बसले,
पाठ ताठ, सीटखाली मांडी, श्वास कोंडून.
बोस्त्यांवचे हात पुढे आले.
"हात मागे."

उभी राहिली. मीही.
नडगीवर थोडं रक्त होतं, पदरानं पुसलं,
आणि किंमत त्यानंतर विचारली.