कायचं हाय?

गफूरच्या काट्यावर चढण्याआधी
प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न : कायचं हाय?
नाव विचारत नाही तो, काम नाही,
कोणाच्या घरातून निघाली तेही नाही.
नाण्यानं टिचकी मारतो, कान लावतो.
पितय आखूड बोलते, म्हणतो,
कासं रेंगाळते,
आन् जर्मन त मुकंच हाय.

मंगळवारच्या बाजारात त्याच्या ढिगात मला
एक इंग्रजी शब्दकोश सापडला, पुठ्ठा गेलेला,
'ए'ची पानं उधळीनं नेलेली.
बारा रुपये किलो. सव्वा किलो भरला.
पंधरा रुपयांत 'बी'पासून पुढची सगळी भाषा.

रात्री लाईट नव्हती. मोबाईलच्या उजेडात
एका वळणाचे शब्द दिसले, शेवटी 'न' वाजणारे :
ओकन, ओकच्या लाकडाचं.
हेम्पन, सनाचं. लेदर्न, कातड्याचं.
सिल्व्हर्न.
कितीतरी शब्दांआधी एक बारीक खंजीर छापलेला.
खंजीर म्हणजे गेला. आता कोणी बोलत नाही.
म्हणजे तिकडेही कोणीतरी
दोर हातात घेऊन आधी सांगायचं, तो कशाचा,
त्यानं काय बांधायचं ते मागाहून.

सकाळी आठवीवर गेलो. अभ्यासक्रमात नव्हतं,
तरी फळ्यावर लिहिलं : लाकडी. दगडी. सुती.
पोरं सुटलीच. लोखंडी! सागवानी! लोकरी!
प्लास्टिकी, म्हणाला एक जण, आणि वर्ग हसला.
का हसला ते मलाही सांगता येईना.
दोरीपासून देव्हाऱ्यापर्यंत घरभर झालंय ते,
तरी त्याला ही 'ई' कोणी दिली नाही,
नुसतं 'चं' लावून
पाहुण्यासारखं बाहेरच्या खाटेवर बसवलंय.
तुराट्यांनाही नाही दिली म्हणा,
आणि त्या तर घरच्याच.
माती मुळातच 'ई'वर संपते.
तिला आणखी काय लावणार.

सोनेरी, म्हणाली तुरजा आत्राम.
मी लिहिता लिहिता थांबलो.
सोन्याच्या पाटलीला कोणी सोनेरी म्हणत नाही.
सोनेरी म्हटलं की समजावं, सोन्याचं नाही.
तुरजानं जरा विचार केला.
"आईची एक ग्रामची पोत सोनेरी हाय," म्हणाली,
"शब्द त खरं सांगते, सर.
दुकानदारच खोटं बोलते."

मग मागच्या बाकावरून सुबोध खोब्रागडे :
"आमच्या घरचा तांब्या त इस्टीलचा हाय."

यावर कोणी हसलं नाही.
तांब्या. त्यातलं तांबं केव्हाच निघून गेलं,
असंच कुठल्यातरी काट्यावरून, पोत्यात, ट्रकमध्ये,
आणि नाव तेवढं माठाजवळ राहिलं, ओलं.
खंजिराचं त्यांना सांगून ठेवलं होतं.
सुबोधनं वहीत तांब्याच्या आधी एक काढला,
जरा मोठाच,
बघत बसला,
मग थुंकी लावून खोडला. कागद फाटला.
"पानी त पेतोच ना त्याच्यानं."

तास संपला. कांताबाईनं घंटा दिली :
बंद पडलेल्या छोट्या लाइनच्या रुळाचा तुकडा,
निंबाला तारेनं बांधलेला.
गफूर त्याला दोनदा टिचकी मारून गेलाय,
भावही बोललाय.
कांताबाईनं हातोडी पाठीमागं लपवली होती म्हणतात,
आणि सांगितलं होतं त्याला :
हे घंटी हाय.
कायची थे इचारू नोको.