जवाबदार नाही

उंटवाडीच्या पुलावरचे दिवे
तीन आठवडे बंद आहेत,
एवढंच लिहिलं होतं मी. चार ओळी.
खाली नाव: मृदुला गायधनी.

रात्रीतून तीनशे बारा जण आले.
कुणी वय विचारलं, कुणी दर.
एकानं नाक कापायची भाषा केली.
नाशकात राहतोस बाबा, म्हटलं,
काहीतरी नवीन सुचू दे.
हसले.
मग कडी लागलीय का ते
दोनदा उठून पाहिलं.

एकोणीस वर्षं प्रुफं वाचते मी.
सवयीनं तीही वाचली.
लायकीची वेलांटी ऱ्हस्व.
छिनाल मात्र सगळ्यांचं शुद्ध.
आणि वाघाचं तोंड लावलेला एक जण:
‘येकटी फिरते. काही झालं तर कोणी जवाबदार नाही.’
हा व
मी कुठे पाहिलाय?

पवननगरच्या गिरणीत. पुठ्ठ्यावर, मार्करनं:
लाईट गेल्यास मालक जवाबदार नाही.

बच्छावभाऊ.
भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ.
डबा कधी मला उचलू देत नाहीत.
डब्यावर नाव नाही, घरनंबर आहे;
त्यांच्यासाठी मी बी-चारशे सतरा,
बाजरीवर गहू टाकू नका म्हणणारी ताई.

शनिवारी गेले. पाठमोरे उभे होते.
पट्टा फिरत होता, चक्की ओरडत होती,
त्या आवाजात दिवसभर त्यांच्याशी
कुणी काही बोलत नाही.
बोललं तर, ‘अजून किती वेळ?’
फोनवर पिठाचा अंगठा उमटलेला.
हसत होते, एकटेच,
मागच्या बाकावरून खडू मारून
वर्ग हसतोय का बघणाऱ्या पोरासारखे.
वर्ग हसत असणारच.
मला कीव यायला लागली.
ती तिथेच थांबवली. कीव आली की मी
गुपचूप घरी जाते, मला माहितेय.

‘ताई, बारीक ना?’
‘बारीक.’

दळण पडेपर्यंत लाल पेन काढलं.
पुठ्ठ्यावरचा व खोडला, वर ब लिहिला,
समासात खूणसुद्धा केली.
झाकण माझ्याकडेच होतं.
त्याच्या पट्टीवर, नंबराखाली,
पूर्ण नाव.

झाकण लावताना त्यांनी वाचलं.
ओठ हलले, अक्षराला अक्षर जोडत.
मोटर बंद करायचं राहून गेलं,
रिकामी चक्की
दगडावर दगड घासत राहिली.

पैसे सुटे होते माझ्याकडे.
डबा गरम होता, मीच उचलला.
पुलापर्यंत दोनदा खाली ठेवावा लागला.