डोण

कझाक माळावर पडलेला अग्निबाणाचा पत्रा
कुल्याशनं घासूनपुसून
मेंढ्यांची डोण केली,
त्याला झाली अकरा वर्षं.

शहरातून आलेला भाचा रात्री सांगत होता,
त्या धुरकट ठिपक्यावरून उजेड निघाला
तेव्हा माणूसच नव्हता, आत्या.
आणि तो विझेल तेव्हा
कोण विचारतंय आपल्याला?

"बरं. कंदील इकडे धर."

काळी मेंढी अडली होती.
कोपरापर्यंत हात आत.
मग वाफाळतं, चिकट,
एवढंसं काही बाहेर आलं
आणि शिंकलं.

वर ते सगळं तसंच,
कुणालाही न मोजणारं.

पहाटे डोणीवर बर्फाचा पापुद्रा.
तिनं टाचेनं फोडला, काळी प्याली.
भाचा अजून वर बघत होता.

"आभाळाला नावं ठेवून झाली असतील
तर याचंही एक ठेव."